सातची मीटिंग

प्रिय मित्रा,

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो. ‘काका, आपल्या भागात एखादा चांगला ग्रुप आहे का? पण ओळखीचं कोणी नको.’ यातल्या पहिल्या भागाचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. दुसऱ्यासाठी कागद घेऊन बसलो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, आपण ज्याला ए.ए. म्हणतो, त्याचे, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे, गट पुण्यातही आहेत आणि आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही. कुठे चर्चची मागची खोली, कुठे शाळेचा वर्ग. पाटी दिसेलच असं नाही, म्हणून फोन करून जा. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर. नाहीतर मुक्तांगणला विचार. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं ते केंद्र. उपचार घेऊन गेलेल्यांना ते वाऱ्यावर सोडत नाहीत, त्यामुळे कुठल्या भागात काय चालतं याची त्यांना माहिती असते. ए.ए.ला फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. सोडलेली असली पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. तू बहुधा इथेच अडला आहेस.

पण त्याआधी एक. सकाळी हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय दाढी करता येत नाही, असं तू मागे म्हणाला होतास. तसं असेल तर एका झटक्यात बंद करू नकोस. रोजची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेततं. ससूनला किंवा जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात जा आणि रोज किती घेतोस ते खरं सांग. डॉक्टरांसमोर क्वार्टरची हाफ-क्वार्टर करू नकोस. ते काम मी वर्षानुवर्षं केलंय. आणि आईला सांग, कोणी ‘चहातून गुपचूप द्यायचं औषध’ दिलं तर ते टाकून दे. त्यावर दारू गेली तर माणूस आडवा होतो.

आता ‘ओळखीचं कोणी नको’.

मीही तेच धरून बसलो होतो. भोसरीत राहून मीटिंगला कॅम्पात जायचो, दोन बस बदलून. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे मी छान बोलायचो. चार महिने टिकलो. मग जुलैत एका संध्याकाळी धो धो पाऊस, बस येईना, आणि स्टॉपच्या समोर परमिट रूम. पुढचं काय सांगू! त्या वर्षीची गटारी मी आषाढ संपायची वाट न बघताच केली.

नंतर झक मारत घरापासून दहा मिनिटांवरच्या गटात गेलो. दारातून आत बघतो तर आमच्याच कंपनीचा स्टोअरकीपर, हातात चहाची किटली. मी मागे वळलोच होतो. तो म्हणाला, “ये, चहा संपत आलाय.” बस, एवढंच. तो तिथे दोन वर्षं येत होता. आम्ही रोज एका कॅन्टीनमध्ये जेवायचो, आणि त्याने काविळीमुळे सोडली असंच सगळे समजत होते. दोन वर्षांत कंपनीत अवाक्षर फुटलं नव्हतं. तेव्हा माझी खात्री पटली, की इथली गोष्ट इथेच राहते.

आणि गल्लीचं म्हणशील तर, गेल्या गटारीला तुला रिक्षातून उतरवून जिन्यावर कोणी चढवलं? ओळखीच्यांनीच ना? पिताना त्यांना बघू दिलंस, मग सोडताना लपायचं कशाला?

म्हणून गट ‘चांगला’ आहे का, हे विचारूच नकोस. तो जवळ आहे का आणि किती वाजता भरतो, ते विचार. तू फर्स्ट शिफ्ट करून येतोस, पडतोस, आणि सातला तुझे पाय आपोआप खाली उतरतात. तुला सातचीच मीटिंग हवी. रविवारी सकाळी अकराची, पंख्याखाली उत्तम शेअरिंगवाली मीटिंग तुझ्या काय उपयोगाची?

पहिल्या दिवशी आवडणार नाही. एक म्हातारबा दर आठवड्याला तीच मोटरसायकलची गोष्ट सांगतात. मला त्यांचा भयंकर राग यायचा. प्रार्थनेचंही तसंच. मी काही देवभक्त नव्हे. एकदा माळ घातली होती, तर प्यायच्या आधी ती काढून खुंटीला अडकवायचो. गटात ‘आपल्याहून मोठी शक्ती’ म्हणतात, पण तिचं नाव काय असावं, यावर कोणी हटून बसत नाही. माझ्यासाठी बरेच दिवस ती किटलीवाल्याची खुर्ची होती. सहा मीटिंगा बस, मग खुशाल नावं ठेव. बोलायचं नसेल तर ‘आज ऐकतो’ म्हण, चालतं.

गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या केंद्रांपासून मात्र लांब राहा. माझ्या धाकट्या भावाला तसं नेलं होतं. परत आला तो पाठीवर वळ घेऊन, आणि त्याच रात्री प्यायला.

आईसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, घरच्यांचा वेगळा गट. तिला तिथे जाऊ दे, तू काय करतोस ते बाजूला ठेवून.

गुरुवारी पावणेसातला शाळेच्या फाटकासमोर, टपरीपाशी मी उभा असेन. काहीतरी खाऊन ये, रिकाम्या पोटी तलफ जास्त येते. शेवटी टोपी फिरते, दहा-वीस रुपये टाकतात लोक. नसले तर टोपी पुढे सरकव. पिऊन आलास तरी ये, फक्त मागच्या बाकावर बस.

तुझा,
काका