आठवडा बदलून मिळतो, पण जेवणाचे काय?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे. १९९८ साली आम्ही उभयतांनी गोव्यातील एका रिसॉर्टमध्ये टाइमशेअरचा, म्हणजे दरवर्षी ठरावीक आठवडा खोली वापरण्याच्या हक्काचा, चाळिसावा आठवडा विकत घेतला. मेंटेनन्स दरवर्षी न चुकता भरतो. मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात अमेरिकेत डॅलसला राहतात. यंदा आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. गोव्याचा आठवडा आरसीआयकडे, म्हणजे असे आठवडे बदलून देणाऱ्या कंपनीकडे, जमा करून त्याच्या बदल्यात मेक्सिकोतील कानकूनला एक आठवडा ऑल-इन्क्लुसिव्ह रिसॉर्ट घ्यावे, म्हणजे राहणे आणि खाणेपिणे सगळे त्यातच भागेल, असे मुलाचे म्हणणे आहे. आम्ही दोघे माळकरी आहोत. हा व्यवहार फायद्याचा ठरेल का?

उत्तर : बाई, आपल्या पत्रातील ‘सगळे त्यातच भागेल’ या शब्दांपाशी मी थांबलो, कारण या व्यवहारातला सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. आठवड्याच्या बदल्यात आठवडा मिळतो तो फक्त खोलीचा. कानकूनमधील बहुतेक ऑल-इन्क्लुसिव्ह रिसॉर्ट्स अदलाबदलीने येणाऱ्या पाहुण्यांकडून जेवण, पेये आणि इतर सोयींचे शुल्क माणशी आणि दिवसागणिक वेगळे घेतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते सक्तीचे असते. हे पैसे आरसीआयकडे भरायचे नसतात, तर थेट रिसॉर्टला द्यायचे असतात, तेही बहुधा तिथे पोहोचल्यावर काउंटरवर आणि डॉलरमध्ये. त्यामुळे आरसीआयची एक्सचेंज फी भरल्यावर सर्व काही चुकते झाले असे वाटते आणि खरा आकडा परदेशात सामान हातात घेऊन उभे असताना समोर येतो.

यात रिसॉर्टची लबाडी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आरसीआय १९७४ साली आणि तिच्यासारखीच अदलाबदलीची दुसरी कंपनी इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ साली सुरू झाली, तेव्हा कल्पना साधी होती : माझी खोली तुम्ही वापरा, तुमच्यासारखी दुसऱ्या कोणाची तरी खोली मी वापरतो. मेंटेनन्समधून इमारत, रंगरंगोटी, चादरी, राखणदार यांचा खर्च भागतो. रोजच्या रोज शिजणारे अन्न आणि वाढणारी माणसे यांचा नाही. राहणे-जेवणे एकाच रकमेत देण्याची पद्धत फ्रान्सच्या क्लब मेडने १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर रूढ केली. हा धंदा पहिल्यापासून माणशी दरावर चालत आलेला आहे. खोलीचा आणि माणशी असे हे दोन हिशेब एका छपराखाली आले की पाहुण्याच्या वाट्याला दुसरा हिशेब वेगळा येतो.

आता प्रत्यक्ष गणित मांडू. पुढचे आकडे मी केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपण स्वतःच्या रिसॉर्टचे आकडे त्या जागी घालावेत. समजा, रिसॉर्टचे सक्तीचे शुल्क मोठ्या माणसाला दिवसाला ९,००० रुपये आणि मुलांना त्याच्या निम्मे आहे. चार मोठ्यांचे सात दिवसांचे २,५२,००० रुपये झाले, नातीचे ३१,५०० झाले, एक्सचेंज फी २०,००० धरली, तर एकूण ३,०३,५०० रुपये होतात. त्याच रिसॉर्टमध्ये, त्याच तारखांना, तशाच खोलीचे सर्व खर्चासह थेट बुकिंग ३,४०,००० रुपयांना मिळत असेल, तर अदलाबदलीने ३६,५०० रुपये वाचले असे दिसते. पण गोव्याचा आठवडा हातचा गेला, तो मोजायचा राहिला. गोव्यात तशी खोली रात्रीला ७,००० रुपयांना मिळत असेल तर त्या आठवड्याची किंमत ४९,००० रुपये झाली, म्हणजे प्रत्यक्षात आपण १२,५०० रुपयांनी खाली आलात.

याच गणिताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपण यंदा परदेशी असल्यामुळे गोव्याचा आठवडा तसाही वाया जाणार असेल, कोणी आप्त तो वापरणार नसतील आणि तो भाड्याने देण्याची सोयही नसेल, तर त्याची यंदाची किंमत शून्य धरावी लागेल, आणि मग ते ३६,५०० रुपये खरोखरच वाचतील. यंदाचा मेंटेनन्स आपण कुठेही गेलात तरी भरावाच लागणार आहे, आणि १९९८ साली दिलेले पैसे कधीच खर्च होऊन गेले आहेत. म्हणून या दोन्ही रकमा या निर्णयात धरू नयेत. ‘इतके पैसे अडकलेत, ते वसूल झाले पाहिजेत’ या भावनेपोटी अनेक कुटुंबे नको तो प्रवास करतात, हे मी बेळगावात गेली कित्येक वर्षे जवळून पाहत आलो आहे.

आपल्या बाबतीत एक गोष्ट या गणिताच्याही वर आहे. ऑल-इन्क्लुसिव्हच्या शुल्कात मद्याचा वाटा मोठा असतो. ज्याला दुपारपासून रात्रीपर्यंत हातात पेला हवा, त्याला ते स्वस्त पडते. गळ्यात तुळशीची माळ असलेली दोन माणसे मात्र तेवढीच रक्कम भरून फळांचा रस आणि भात घेणार. मद्य न घेणाऱ्यांसाठी वेगळा दर सहसा नसतो. जेवणाबद्दलही सावध राहावे. मेक्सिकोत मक्याच्या भाकरीसारखी तोर्तिया आणि घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे काळे किंवा तपकिरी दाणे रोज मिळतात, आणि पाहिल्यावर आपल्याला घरचेच वाटतात. पण ते दाणे शिजवून, घोटून जो ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ नावाचा पदार्थ करतात, तो परंपरेने डुकराच्या चरबीत परततात. तिला तिथे ‘मांतेका’ म्हणतात. हा एक शब्द वहीत लिहून न्यावा आणि वाढणाऱ्याला रोज विचारावा, कारण ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर तो दाण्यांकडेच बोट दाखवण्याची शक्यता आहे.

मी हे अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमचा आठवडा बदलून डिसेंबरअखेरीस मुन्नारला गेलो होतो. ३१ तारखेचे ‘गाला डिनर’ सक्तीचे आहे, हे खोलीची किल्ली देताना सांगण्यात आले. आईचे वय तेव्हा ७८ होते. त्या रात्री खाली वाद्ये वाजत होती आणि ती वर खोलीत पलंगाच्या कडेला बसून वाटीतला दहीभात खात होती. सकाळी दाराखालून सरकवलेल्या बिलावर मात्र चार जणांचे भोजन लावलेले होते. आईचे नाव वगळा म्हणून मी अर्धा तास वाद घातला, तेव्हा मॅनेजरने आमच्याच एक्सचेंजच्या पुष्टिपत्रातील अखेरच्या परिच्छेदावर बोट ठेवले. ती ओळ तिथे होती आणि मी ती वाचलेली नव्हती.

म्हणून मुलाला सांगून आरसीआयच्या यादीत त्या रिसॉर्टपुढचा मजकूर पूर्ण वाचून घ्या. ऑल-इन्क्लुसिव्ह शुल्क सक्तीचे आहे की ऐच्छिक, हे तिथे लिहिलेले असते. ऐच्छिक असेल आणि खोलीत स्वयंपाकघर असेल, तर माझे मत सरळ बदलते : सून आणि आपण मिळून पिठले-भात करून खाल, आणि अदलाबदल नक्कीच परवडेल. सक्तीचे असेल तर रिसॉर्टला ईमेल करून त्या तारखांचा माणशी दर लेखी मागवावा. मुलांचा दर कितव्या वर्षापर्यंत आहे हेही विचारावे, कारण पुष्कळ ठिकाणी बारा-तेराव्या वर्षी मूल मोठ्यांत मोजले जाते आणि आपली नात त्या उंबरठ्यावर आहे. खोलीत किती माणसांना परवानगी आहे हेही पाहावे, कारण पाच जण एका खोलीत चालत नसतील तर दुसरी खोली घ्यावी लागेल आणि वरचे सगळे गणित कोसळेल. कानकूनमध्ये खोलीमागे दर रात्रीचे पर्यावरण शुल्कही द्यावे लागते; ते फार नसते.

तारखांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या सीमाभागात हा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडच्या शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालतात, म्हणून मोठी सुट्टी दसऱ्याची. पुण्या-मुंबईच्या नातवंडांना ती दिवाळीत मिळते. उन्हाळ्यातही इथल्या शाळा मेअखेरीस सुरू होतात आणि तिकडच्या जूनच्या मध्यावर. दोन्हीकडच्या मुलांना एकत्र न्यायचे म्हटले की हाती फक्त मे महिना उरतो, आणि मेमध्ये भारतातील चांगल्या रिसॉर्टचा आठवडा बदलून मिळणे सर्वांत अवघड असते. आपला चाळिसावा आठवडा ऑक्टोबरच्या आरंभी, दसऱ्याच्या आसपास येतो. पाऊस ओसरल्यावर अनमोड घाट उतरून गोव्याला जाण्यासाठी तो सोन्यासारखा आहे. कानकूनला मात्र तेव्हा जाऊ नये. अटलांटिकचा वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्याचा ऐन भर. त्या काळात तिथल्या खोल्या अदलाबदलीत सहज मिळतात, पण त्याच दिवसांत थेट बुकिंगचे दरही उतरलेले असतात, त्यामुळे आठवडा खर्ची घालण्यात काही राहत नाही.

आठवडा जमा करायचाच ठरला तर नऊ महिने किंवा त्याहून आधी करावा. उशीर होईल तशी त्याची अदलाबदलीतील पत घटते, आणि एकदा जमा केलेला आठवडा परत मागता येत नाही. म्हणून गोव्याला जायचे नाही हे घरात नक्की झाल्याशिवाय जमा करू नये.

आणखी एक. कानकूनच्या रिसॉर्टमध्ये मनगटावर पाहुण्यांची ओळखपट्टी बांधताना ‘उद्या सकाळी फक्त ९० मिनिटे, नाश्ता आमच्याकडून’ असे निमंत्रण मिळते. ती नव्या सदस्यत्वाची विक्री असते. नम्रपणे नाही म्हणावे. मुलाने भरात सही केलीच, तर मेक्सिकोच्या नियमानुसार पाच कामकाजाच्या दिवसांत करार रद्द करता येतो. तसे लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

मला विचाराल तर, बाई, शुल्क सक्तीचे असेल तर मी ही अदलाबदल करणार नाही. गोव्याचा आठवडा बेळगावच्या एखाद्या नातलगाला वापरू द्यावा आणि अमेरिकेतच, डॅलसपासून गाडीने जाता येईल अशा ठिकाणी, स्वयंपाकघर असलेली खोली भाड्याने घ्यावी. आपल्याला मुलाच्या सहवासाचे चार दिवस हवे आहेत, आणि त्यासाठी माणशी दिवसाला हजारो रुपयांचे शुल्क भरण्याची गरज नाही.

प्रश्न : ‘अदलाबदलीच्या रिसॉर्टमध्ये तिन्ही वेळचे जेवण मोफत’ असे सांगून बेळगावच्या एका हॉटेलातील कार्यक्रमात मला टाइमशेअरचे सदस्यत्व विकले गेले. प्रत्यक्षात ते खोटे निघाले. करारात ‘वाद फक्त चेन्नईच्या न्यायालयात’ असे कलम आहे. निपाणीहून मी काय करू शकतो?

उत्तर : ते कलम पाहून खचू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी बेळगाव. आपण दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडेच जाते, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती मात्र काटेकोरपणे पाळा. त्या संध्याकाळी दिलेले पत्रक, त्यावर विक्रेत्याने पेनाने लिहिलेले आकडे, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि कार्डाच्या पावत्या एकत्र करा. ‘जेवण मोफत’ हे शब्द कुठेतरी कागदावर असतील तर आपली बाजू भक्कम होते. नुसते तोंडी असतील तर त्या कार्यक्रमाला आपल्यासोबत बसलेल्या व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र जोडा. आयोगाकडे जाण्याआधी कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच फायलीत ठेवा.