निवेदनावर सही केली, म्हणजे हरकत झाली नाही

प्रश्न : आमचं शहर ‘ड’ वर्ग महापालिकेत येतं. बाजारपेठेत वडिलांच्या वेळचं घर आहे. खाली दोन गाळे, वर आम्ही राहतो. एका गाळ्यात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. दुसऱ्यात 1984 पासून एक शिंपीकाका आहेत, भाडं महिना 400 रुपये. महापालिकेने घरपट्टी वाढवायला घेतली आहे. मध्यंतरी एका खासगी एजन्सीची मुलं येऊन मोजमाप करून गेली. 13 दिवसांपूर्वी नोटीस आली. करयोग्य मूल्य 21,600 होतं, ते एकदम 65,448! हरकतीसाठी 21 दिवस दिलेत. व्यापारी संघटनेने आयुक्तांना एकत्रित निवेदन दिलंय आणि सांगितलंय की कोणी वेगळी हरकत घेऊ नका, एकी मोडते. बिल आलं तरी भरू नका. उलट मागच्या कॉलनीतली नागरिक समिती म्हणते, वाढ दुकानांवर टाका, घरं सोडा. माझी सही पहिल्या निवेदनावर आहे, सौ.ची दुसऱ्या. मी वेगळी हरकत घ्यावी का? 2009 मध्ये वरची गॅलरी बंद करून आम्ही खोली केली, परवानगी घेतली नव्हती. हरकत घेतली तर ती उघडी पडेल का?

उत्तर : एकाच घरातून दोन निवेदनांवर दोन सह्या गेल्या, हे वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, तुमच्या घराचं खरं चित्र तेच आहे. तुमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर व्यापारी राहतो आणि वरच्या पायरीवर नागरिक. एकाची पट्टी वाचवायला दुसऱ्यावर टाकली, तरी पैसे एकाच खिशातून जाणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, स्वतंत्र हरकत घ्या, आणि उरलेल्या 8 दिवसांतच घ्या.

गावात सध्या जो वाद चाललाय, तो दराचा आहे. करयोग्य मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या वर्षभराच्या अपेक्षित भाड्यावरून काढलेल्या आकड्यावर, किती टक्के कर लावायचा, घराला किती, दुकानाला किती, हे महापालिकेची सर्वसाधारण सभा ठरवते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 99 प्रमाणे पुढच्या वर्षाचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. तिथे निवेदनं, मोर्चे, नगरसेवकांच्या घरी चकरा हे सगळं चालतं आणि चालायलाही हवं. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध वाटला, तर कलम 451 खाली तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याची मागणी राज्य शासनाकडे करता येते. संघटनेने तिथे जरूर लढावं.

तुमच्या दारात आलेली नोटीस मात्र दराची नाही, ती तुमच्या मिळकतीच्या मूल्याची आहे. तुमचा गाळा किती फूट, त्याला अपेक्षित भाडं किती, वर घर आहे की दुकान, हे त्यात ठरलंय. त्याविरुद्धची तक्रार आयुक्तांकडे लेखी, तुमच्या मिळकत क्रमांकासह आणि तुमच्या कारणांसह करावी लागते. दोनशे सह्यांच्या निवेदनात तुमचा मिळकत क्रमांक आहे का? तुमच्या ओट्याचं माप आहे का? नसणारच. उद्या महापालिका म्हणेल, या मिळकतीबाबत तक्रारच आली नाही, आणि ते खोटं नसेल.

ही नुसती कागदाची बाब नाही. आयुक्तांचा निर्णय पटला नाही, तर कलम 406 खाली न्यायालयात अपील करता येतं. त्याची मुदत फक्त 15 दिवस. पण करयोग्य मूल्याविरुद्ध अपील करायचं तर आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असावी आणि तिचा निकाल लागलेला असावा, अशी त्याच कलमाची अट आहे. आज हरकत नाही, तर उद्या अपील नाही. असे किती तरी पक्षकार माझ्याकडे येतात, हातात निवेदनाची झेरॉक्स घेऊन. तिच्यावर आवक शिक्का असतो, फोटोत आयुक्तही असतात, आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काही नसतं.

आता तुमची नोटीस. तुम्ही फोटो पाठवलात, म्हणून आकडे उलगडता आले. सरळ हिशेब आहे : चौरस फूट गुणिले फुटामागे महिन्याचा भाडेदर गुणिले 12, त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा. ही 10 टक्क्यांची वजावट कायद्यानेच दिलीय, आणि ती इथे धरलेली आहे. तुमच्या दुकानाचे 260 चौरस फूट, दर 6 रुपये, म्हणजे 16,848. शिंपीकाकांचा गाळा 150 फूट, 9,720. आणि वरचे 600 फूट, तेही 6 रुपयांनीच, 38,880. बेरीज 65,448.

म्हणजे तुमच्या वाढीतला निम्म्याहून जास्त बोजा एका चुकीतून आलाय : वरचं घर ‘बिगरनिवासी’ दाखवलंय. नोटिशीमागच्या तक्त्यात निवासी दर 2 रुपये आहे. त्या दराने वरचं मूल्य 12,960 होतं. मोजणाऱ्या मुलाने खालची पाटी बघितली असेल आणि अख्ख्या इमारतीला एकच कोड टाकला असेल. ही चूक तशीच राहिली तर दुसरा फटकाही आहे. घरपट्टीच्या बिलात महापालिकेच्या करांखाली शासनाचे दोन उपकर असतात, शिक्षण आणि रोजगार हमी. रोजगार हमीचा उपकर फक्त बिगरनिवासी मिळकतींना लागतो. तुमच्या देवघरावर रोजगार हमी कर कशाला?

पुरावा तुमच्या घरातच आहे. वरच्या मीटरचं वीजबिल घरगुती आकाराचं असणार, खालचं वाणिज्यिक. दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवून झेरॉक्स काढा (दुकान तुमचंच आहे). रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, स्वयंपाकघराचा आणि झोपायच्या खोलीचा फोटो जोडा.

मग ओटा. तुमचा गाळा मंजूर नकाशात 200 फूट आहे. 260 कसे झाले, तर पुढचा उघडा ओटा आणि जिन्याखालची जागा धरली, असं दिसतंय. ओट्यावर तुम्ही कपाटं ठेवत असाल, तर ‘उघडा ओटा’ हा युक्तिवाद फार ताणू नका. ठेवत नसाल तर टेप लावून फोटो काढा. 200 फुटांनी मूल्य 12,960 होतं, म्हणजे 3,888 रुपये कमी.

शिंपीकाकांचा गाळा थोडा वेगळा विषय आहे. करयोग्य मूल्याचं मोजमाप ‘वाजवीपणे अपेक्षित भाडं’ हे असतं, तिथे भाडे नियंत्रण कायद्याने जेवढं भाडं घेता येतं त्यापलीकडे जाऊन मूल्य धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गुंटूर नगरपालिकेच्या खटल्यात 1970 मध्ये आणि दिवाण दौलत राय कपूर खटल्यात 1979 मध्ये सांगितलंय. 400 रुपये भाड्याने त्या गाळ्याचं मूल्य फक्त 4,320 होतं. पण एक अडचण आधीच सांगतो. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्यात मालकाला दरवर्षी 4 टक्के भाडेवाढ घेता येते. तुम्ही काकांकडून ती घेतली नाहीत, हा तुमचा चांगुलपणा. कर निरीक्षक म्हणेल, घेता आली असती ती वाढ धरा. तेव्हा 4,320 चा आग्रह मांडा, पण त्याच्या थोडं वर तडजोड होईल असं धरून चला. जुन्या भाडेपावत्या सापडतील तेवढ्या जोडा. वाढलेल्या कराचा भार भाड्यात मागण्याची सोयही त्या कायद्यात आहे. ती वापरायची का, हे तुम्ही आणि काकांनी ठरवायचं.

गॅलरीबद्दल तुम्ही रात्री झोपत नाही, असं लिहिलंय. ती आधीच उघडी पडलीय. 600 फुटांत ती धरलेली आहे, वडिलांच्या वेळच्या नकाशात वरचं माप 520 होतं. अनधिकृत बांधकामावर कलम 267-अ खाली कराच्या दुप्पट शास्ती (दंड) लागू शकते, ही भीती खोटी नाही. पण ती त्या अनधिकृत भागापुरती, आणि छोट्या निवासी बांधकामांना शासनाने त्यात सवलत दिलेली आहे. म्हणून हरकतीत माप 520 आहे असं लिहू नका. खोटं एक वाक्य बाकीच्या खऱ्या पानांना घेऊन बुडतं. 600 मान्य करा, वापर निवासी आहे एवढंच लढा. गॅलरी नियमित करता येते का, हे नंतर एखाद्या परवानाधारक वास्तुविशारदाला दाखवा.

आता ‘बिल भरू नका’ या आदेशाविषयी. तो देणारे भरत नाहीत असं समजू नका. बऱ्याच जणांचं बिल मुलगा ऑनलाइन भरून मोकळा होतो. घरपट्टी सहामाही आगाऊ देय असते, 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर. मागणीची नोटीस येऊनही मुदतीत भरली नाही, तर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, वर्षाला 24. पुढे जप्तीची नोटीस संघटनेच्या नावे येत नाही. शिवाय कलम 406 च्या अपिलात वादातली रक्कम आधी भरावी लागते, आणि ही अट सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये वैध ठरवली आहे. बिल आलं तर ‘हक्क अबाधित ठेवून, हरकतीच्या निकालाच्या अधीन राहून’ असं पत्र देऊन भरा.

हरकत दोन प्रतींत लिहा, दीड पानाच्या वर जाऊ देऊ नका. नोटीस क्रमांक, मिळकत क्रमांक, नोटीस मिळाल्याची तारीख. वर उलगडलेले तिन्ही हिशेब तसेच्या तसे. शेवटी ‘समक्ष सुनावणी मिळावी’ हे वाक्य विसरू नका. नोटीस अजून वडिलांच्या नावे असेल तर ‘वारस व भोगवटादार’ म्हणून सही करा, मृत्यूचा दाखला जोडा. करआकारणी पुस्तक पाहायचा तुम्हाला हक्क आहे. शेजारच्या दोन-तीन गाळ्यांना काय दर लावलाय, तेही टिपून घ्या. सौ.ची सही हवी असेल तर तीही घ्या. निदान या कागदावर तरी तुम्ही दोघं एका बाजूला असाल.

प्रभाग कार्यालयात ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाले, तर ठेवू नका. मुख्य इमारतीच्या आवक खिडकीवर जा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच परत फिरा. तुमचा एकविसावा दिवस रविवारी येतोय, तेव्हा शुक्रवार हाच शेवटचा दिवस समजा.