दत्तक गेलेल्या मैत्रिणीला तिचं चॉक्टॉ (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) मूळ कसं शोधता येईल?

मैत्रीण 19 वर्षांची आहे, म्हणजे वाट मोकळी आहे. आधी वंश सांगणाऱ्या डीएनए चाचणीवर पैसे घालवू नका, जमातीच्या नोंदणीसाठी ती चालत नाही. 1978 च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट या अमेरिकी कायद्यानुसार 18 पूर्ण झालेल्या मूळनिवासी वंशाच्या दत्तक मुलांना, ज्या कोर्टाने दत्तकाचा अंतिम हुकूम दिला तिथेच अर्ज करून जन्मदात्या आईवडिलांची जमात विचारता येते.

मग डॉज रोल्स, म्हणजे चॉक्टॉंसह काही जमातींच्या सदस्यांच्या जुन्या सरकारी याद्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या याद्यांत नाव, वय, रक्ताचा अंश (मूळनिवासी वंश किती ते), कार्ड क्रमांक असं सगळं सापडतं. ओक्लाहोमातल्या चॉक्टॉ नेशनमध्ये (जमातीचं तिथलं सरकार) नोंदणीसाठी त्यातल्या पूर्वजापर्यंत जन्मदाखल्यांची साखळी जुळली पाहिजे, आणि ती जन्मदात्यांकडूनच. तिथे रक्ताच्या अंशाची अट नाही. मिसिसिपीतल्या वेगळ्या चॉक्टॉ गटाला मात्र निम्मं चॉक्टॉ रक्त लागतं. कोर्टातला अर्ज लगेच करायला सांगा, दत्तकाच्या सीलबंद फायली उघडायला वेळ लागतो.