शेतजमिनीची खरेदी आणि रस्त्याचा हक्क : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दीड एकर जिरायत जमीन पाहिली आहे. डांबरी रस्त्यापासून तिथपर्यंत शेजाऱ्यांच्या दोन गटांतून ट्रॅक्टर जातो. "वडिलांच्या काळापासून जातोय, कुणी अडवलं नाही," असे विकणारे सांगतात. सातबाऱ्यावर मात्र रस्त्याची नोंद नाही. विसार देण्याआधी काय तपासावे? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : ट्रॅक्टर जातो एवढ्यावरून तो हक्काने जातो असे ठरत नाही. शेजाऱ्याच्या मर्जीने जात असेल, तर मर्जी फिरली की रस्ता बंद. म्हणून आधी रस्ता कुणाच्या जमिनीतून आणि कोणत्या आधारावर जातो ते शोधा.

गट नकाशा हाती घेऊन डांबरी रस्त्यापासून जमिनीपर्यंत चालत जा आणि वाटेत लागणारा प्रत्येक गट क्रमांक लिहून घ्या. त्या सगळ्या गटांचे सातबारे काढा. लोक फक्त विकत घ्यायच्या जमिनीचा सातबारा पाहतात आणि तिथेच फसतात. रस्त्याचा बोजा शेजाऱ्याच्या जमिनीवर असतो, तेव्हा त्याच्या सातबाऱ्यातले 'इतर अधिकार' वाचायला हवेत. पोटखराब (लागवडीस अयोग्य क्षेत्र) 'वर्ग ब' दाखवला असेल तर ते क्षेत्र रस्ता, नाला अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेले असू शकते. ते कशासाठी आहे, हे तलाठ्यांकडून (आता ग्राम महसूल अधिकारी) नीट समजून घ्या.

मग उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ गाव नकाशाची नक्कल घ्या. ऑनलाइन गट नकाशावर थांबू नका, जुन्या वाटा त्यावर दिसतीलच असे नाही. गाव नकाशावर तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषा म्हणजे पाऊलवाट. हद्दीवरच्या गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट आणि पाऊलवाटेची सव्वाआठ फूट धरली जाते. जागेवर टेप लावा. नकाशात गाडीमार्ग आणि प्रत्यक्षात आठ फूट वाट असेल, तर दोन्ही बाजूंनी नांगर आत सरकलेला असतो. नकाशात वाट आहे पण सातबाऱ्यात नाही, हेही अनेकदा आढळते. तेवढ्याने वाट नाहीशी होत नाही, नकाशाचा पुरावा वजनदार असतो. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले असतील, तर जुने सर्व्हे नंबर शोधून त्यांचे नकाशे पाहणे भाग आहे.

नकाशात काहीच नसेल तर जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) वाचा. तुमची जमीन आणि शेजारचा गट पूर्वी एकाच मालकाचे असून वाटणीने किंवा विक्रीने वेगळे झाले असतील आणि जायला दुसरी वाटच नसेल, तर सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम १३ नुसार गरजेपोटी वहिवाटीचा हक्क मागता येतो. कलम १५ मध्ये वीस वर्षांच्या वहिवाटीने मिळणारा हक्क आहे (सरकारी जमिनीवर तीस वर्षे). पण वहिवाट उघड, अखंड आणि हक्क म्हणून असावी लागते, आणि वाद उद्भवला तर ते दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते. "आम्हीच त्यांना जाऊ देत होतो" हे शेजाऱ्याने पटवले की दावा लंगडा होतो. नुसती परवानगी तुमच्या नावे आपोआप येत नाही, आणि शेजाऱ्याने जमीन विकली तर नवा मालक तिला बांधील नसतो.

अशा वेळी एकच मार्ग भरवशाचा : शेजाऱ्याकडून दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कपत्र करून घ्या, तेही खरेदीखताच्या आधी किंवा त्याच दिवशी. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवरची नोटरी इथे चालत नाही. सातबाऱ्यावरील सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात. एक बहीण जरी राहिली तरी पुढे तीच हरकत घेऊ शकते. त्या गटावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची संमती घ्या. दस्तासोबत मोजणी नकाशा जोडा आणि लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहा. "जाण्या-येण्यास रस्ता" एवढेच मोघम लिहू नका. ट्रॅक्टर-ट्रॉली, मळणीयंत्र, उसाची भरलेली गाडी, बांधकामाचे साहित्य यांचा उल्लेख करा. पाण्याची पाइपलाइन आणि विजेचे खांब यांची परवानगी रस्त्यात आपोआप येते असे समजू नका, त्या वेगळ्या लिहा. हक्क दोन्ही बाजूंच्या वारसांना आणि पुढील खरेदीदारांना बंधनकारक राहील हे वाक्य असलेच पाहिजे. नंतर फेरफार मंजूर होऊन शेजाऱ्याच्या 'इतर अधिकारात' नोंद आली की नाही ते सातबारा काढून पाहा.

प्रश्न : आधी खरेदी करून नंतर तहसीलदारांकडे अर्ज केला तर रस्ता मिळेलच ना? (एक वाचक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : मिळू शकतो, 'मिळेलच' नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार शेताकडे जाण्यासाठी बांधावरून रस्ता देतात. पर्यायी वाट आहे का, नुकसान किती, हे पाहून. निर्णय मान्य नसलेली व्यक्ती वर्षाच्या आत दिवाणी दावा लावू शकते, म्हणजे कागदावर मिळालेला रस्ताही लोंबकळू शकतो. वापरातली वाट कुणी अडवली असेल तर अर्ज मामलेदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करायचा. नव्या वाटेसाठी कलम ५ आणि अडवलेल्या वाटेसाठी १४३ लावून अर्ज केले, तर महिने वाया जातात. २२ मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता तीन-चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी असे ठरवले, हे चांगले झाले.

आमचा आग्रह : अर्ज विकणाऱ्यालाच करू द्या. साठेखतात (खरेदीखतापूर्वीच्या करारात) लिहा की रस्त्याचा आदेश आणि नोंद झाल्यावरच उरलेली रक्कम, ठरलेल्या मुदतीत न झाल्यास विसार परत. विकणारा ही अट नाकारत असेल तर रस्त्याबद्दल त्याचीही खात्री नाही असे समजा.

प्रश्न : ११ गुंठ्यांचे फार्महाऊस प्लॉट आहेत. माहितीपत्रकात नऊ मीटर रस्ता आहे. तेवढ्यावर विसंबावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : माहितीपत्रक विसरा, मंजूर रेखांकन (लेआउट) मागा. ते नसेल तर तो 'रस्ता' मूळ मालकाच्या नावावरची शेतजमीनच आहे. तो ती विकू शकतो, गहाण ठेवू शकतो, त्याचे वारस तारेचे कुंपण घालू शकतात. रस्त्याच्या पट्ट्यात तुमचा अविभाज्य हिस्सा किंवा कायम वहिवाटीचा हक्क खरेदीखताच्या परिशिष्टात नकाशासह यायला हवा. प्रकल्पाच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुकडा स्वतंत्रपणे तपासा, तो बहुधा तिसऱ्याच शेतकऱ्याचा निघतो. कलम १४३ शेतकऱ्यांच्या गरजेसाठी आहे, शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी त्यावर विसंबू नका. शिवाय तुकडेबंदी कायद्यातले प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा विकता येत नाही) जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे आहे. जमीन जिरायत असेल तर ११ गुंठ्यांचा व्यवहारच तुकडेबंदीत अडकतो.

प्रश्न : जमिनीला कालव्याचा रस्ता लागून आहे. चालेल का? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : कालव्याच्या भरावावरचा रस्ता पाटबंधारे खात्याचा सेवारस्ता असतो, तुमचा हक्काचा नव्हे. खात्याची लेखी परवानगी आणि तिच्या अटी पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. वनहद्दीतून जाणाऱ्या वाटेबाबत वनविभागाकडे तशीच चौकशी करा. समृद्धी महामार्गाला लागून असलेल्या जमिनीला तर त्या महामार्गावरून थेट प्रवेश नाहीच. इंटरचेंजवरून उतरून गावरस्त्यानेच यावे लागते, आणि तो गावरस्ता पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे तपासावा लागतो.