देशपातळीवर ई-कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट लावायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, सरकारने प्रत्येक जिल्ह्यात ई-कचऱ्याचा एकेक आधुनिक प्रकल्प उभारला तर प्रश्न सुटेल का? माझ्या मते नाही. यंत्रं विकत मिळतात. त्या यंत्रांपर्यंत माल पोचत नाही, घोडं पेंड खातं ते तिथे. २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, असं संयुक्त राष्ट्रांचा ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’ सांगतो. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झाल्याची नोंद असलेला वाटा फक्त २२.३ टक्के.

उरलेला काही कपाटांत पडून राहतो, काही साध्या कचऱ्यात जातो आणि बराचसा भंगाराच्या अनौपचारिक साखळीत. ही साखळी माल गोळा करण्यात पटाईत असते, कारण ती दारात येते आणि रोख पैसे मोजते. बिघडतं ते पुढे. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की पीव्हीसी प्लास्टिकच्या आवरणातून डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायनं निघतात. सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले की वापरलेलं आम्ल गटारात जातं, आणि एवढं करून सोनंही पूर्ण हाती लागत नाही.

यावर सरकारांचा पहिला उपाय बहुधा धाडी हाच असतो. घानातल्या आग्बोग्ब्लोशीचा भंगारबाजार २०२१ मध्ये बुलडोझर घालून उठवला. काम थांबलं नाही, आसपासच्या वस्त्यांत पांगलं. चीनमधल्या ग्वीयूत २०१५ च्या सुमारास घरोघरीचे कारखाने एका औद्योगिक वसाहतीत हलवले, म्हणजे धूर आणि सांडपाणी निदान एका जागी पकडता येतं. मला हा दुसरा रस्ता जास्त पटतो. गोळा करणाऱ्याला त्याचं काम करू द्या, हातमोजे आणि ओळखपत्र द्या. त्याच्याकडचे बोर्ड आणि वायरी मात्र जाळणाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त देऊन विकत घ्या. बंदी घालायची ती जाळण्यावर आणि आम्लावर.

आता हे जास्तीचे पैसे आणायचे कुठून? इथे बरेच जण ‘ई-कचरा म्हणजे सोन्याची खाण’ या वाक्यावर विसंबतात. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं जमवली आणि त्यांतून ३२ किलो सोनं निघालं. बोर्डांत मोल आहे, नाही असं नाही. पण जुन्या टीव्हीच्या चित्रनळीतली शिशाची काच, सपाट पडद्यामागच्या बारीक नळ्यांतला पारा किंवा फ्रिजमधला थंडावा आणणारा वायू कोणीही विकत घेत नाही. भंगारात फ्रिजची किंमत त्याच्या कॉम्प्रेसरपुरती, म्हणून नळी कापली जाते आणि वायू हवेत जातो. जुन्या फ्रिजमधला सीएफसी-१२ हा वायू कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १० हजार पट तापमानवाढ करतो. तो वायू सुरक्षितपणे काढून घेण्याचं काम भंगाराच्या भावात कधीच बसणार नाही. त्यासाठी वेगळा पैसा लागतो, आणि राष्ट्रीय धोरणाचं खरं काम हेच: तो पैसा कोणी, केव्हा द्यायचा हे ठरवणं.

जपानमध्ये २००१ पासून एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन टाकून देताना ग्राहक शुल्क भरतो. शिस्त मोठी, तरी शुल्क चुकवायला रानात नेऊन टाकणारे तिथेही निघालेच. स्वित्झर्लंडमध्ये शुल्क खरेदीच्या वेळीच किमतीत घेतात आणि जुनी वस्तू त्या प्रकारचा माल विकणाऱ्या कोणत्याही दुकानात फुकट परत देता येते, नवीन काही विकत न घेताही. माझं मत स्वित्झर्लंडच्या बाजूने. वस्तू टाकायच्या क्षणी माणसाकडे पैसे मागितले की तो पळवाट शोधतो.

उत्पादकावर जबाबदारी टाकणारे कायदे आता पुष्कळ देशांत आहेत, पण त्यांतलं एक दुखणं फारसं बोललं जात नाही. किती कचरा गोळा करायचा याची उद्दिष्टं किलोत असतात. युरोपीय संघाचं २०१९ पासूनचं उद्दिष्ट आधीच्या तीन वर्षांत बाजारात आलेल्या मालाच्या सरासरी वजनाच्या ६५ टक्के आहे, आणि बहुतेक सदस्य देश तिथवर पोचलेले नाहीत. पण पोचले तरी वजन भरतं ते वॉशिंग मशीनच्या लोखंडाने. फोन, इअरफोन, खेळणी यांच्यात विष आणि मौल्यवान धातू दोन्ही असतात, वजन मात्र नगण्य. म्हणून छोट्या वस्तूंसाठी वेगळं उद्दिष्ट हवं. भारताच्या २०२२ च्या नियमांत सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंनुसार प्रमाणपत्रं मोजली जातात; ती पुनर्चक्रण करणाऱ्याला मिळतात आणि उत्पादक आपली जबाबदारी पूर्ण झाल्याचं दाखवायला ती विकत घेतो. ही दिशा बरोबर आहे. अर्थात प्रमाणपत्र विकता येतं म्हटल्यावर खोटं प्रमाणपत्रही आलंच. कारखान्याची आवक, वीजबिल आणि विकलेल्या धातूच्या पावत्या यांचा मेळ त्रयस्थाने घालायला हवा. पाहणीच्या दिवशी झाडून ठेवलेला कारखाना बघून काही कळत नाही.

फोन घरात पडून राहतो त्याचं एक साधं कारण म्हणजे भीती, आतले फोटो आणि बँकेची माहिती कोणाच्या हाती जाईल याची. संकलन केंद्रावर माणसाच्या डोळ्यांदेखत माहिती पुसून पावती द्या, जाहिरातींपेक्षा जास्त फोन येतील. लिथियम बॅटऱ्या तिथेच वेगळ्या काढा. ट्रकमध्ये किंवा तुकडे करणाऱ्या यंत्रात चिरडल्या की त्या पेट घेतात.

राहता राहिले तुमचे जिल्हावार प्रकल्प. हाताने सुटं करण्याची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत जरूर काढा. त्याला भांडवल कमी लागतं आणि माणसाचा हात यंत्रापेक्षा स्वच्छ वेगळं करतो. बोर्ड वितळवून धातू काढणारी भट्टी हे मात्र वेगळं प्रकरण आहे. बेल्जियममधल्या होबोकेनसारखे, वायू शुद्ध करून एकाच ठिकाणी डझनाहून जास्त धातू वेगळे काढणारे कारखाने जगात मोजकेच आहेत आणि त्यांना अनेक देशांचा माल लागतो. लहान देशाने स्वतःची भट्टी बांधण्याऐवजी बोर्ड साठवून, बाझल कराराखालची (घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) संबंधित देशांची संमती घेऊन तिकडे पाठवणं स्वस्त आणि सुरक्षित. १ जानेवारी २०२५ पासून त्या कराराखाली घातक नसलेल्या ई-कचऱ्यालाही अशी पूर्वसंमती लागते, तेव्हा कागदपत्रांना वेळ लागेल हे धरूनच साठवणुकीची गोदामं बांधा.