२० इंची फोल्डिंग सायकलवर पुण्यातल्या चांदणी चौकाचा चढ जड जातो, गिअर हलके कसे करायचे?

पुढची, म्हणजे पॅडलजवळची दातेरी चकती बदला. ५२ दाती काढा, ४२ दाती टाका, मागचं नंतर बघू.

पण तुम्ही लिहिलंय ना, वनाजपर्यंत मेट्रो, तिथून बावधनला सायकल, आणि "मित्र म्हणतात चाकं लहान आहेत म्हणून चढ जड जातो", ते वाक्य मला झोंबलं, कारण आमचे साडू प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशाला मला हेच ऐकवतात. ते बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत शेकडो किलोमीटर मारणारे, रोडबाइक, बूट पॅडलला अडकवायचे क्लीट्स, सगळा सरंजाम, आणि माझी सायकल म्हणे सर्कशीतली. अहो, उलट आहे! चाक लहान असलं की गिअर आपोआप हलका होतो, तो फार हलका होऊ नये म्हणूनच कंपन्या पुढे ती ५२ दातांची परात बसवतात. जड आहे ती परात, चाक नाही.

हिशोब बघा. तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरला, म्हणजे पुढे ५२ दात आणि मागे २८, पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.८ मीटर जाते. कोथरूड डेपोच्या पुढे चढ लागला की आपल्यासारख्याचा स्पीड येतो ताशी ७ किलोमीटरवर, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४१ फेऱ्या, गुडघे बोलणारच. ४२ टाकली की एका फेरीला २.३ मीटर, फेऱ्या ५१. चढ तोच, स्पीड तोच, पाय मात्र सुटे.

मी चकती बदलणार म्हटल्यावर साडू म्हणाले, गिअर काय बदलतोस, पाय बनव. रविवारी आले सोबत, चौकात माझ्याआधी पोचून चहा घेत उभे. मी सायकल लावली आणि बोट काळं होईपर्यंत त्यांच्या सायकलचे दात मोजले. पुढे लहान चकती ३४, मागे मोठी ३२! मोठं चाक धरूनसुद्धा एका फेरीला २.२ मीटरच. म्हणजे हा माणूस माझ्यापेक्षा हलक्या गिअरवर चढून आला आणि मला सांगतोय पाय बनव. त्यावर उत्तर काय, तर "लाँग राइडला लागतं रे ते". बरं.

काम कसं होतं ते सांगतो. चकती पाच बोल्टवर असेल तर सोपं, फक्त बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप बघून घ्या, १३० मिमीवाल्या क्रँकवर (क्रँक म्हणजे पॅडलचा दांडा) ३८ दातांच्या खाली जाता येत नाही. स्वस्त सायकलींना चकती क्रँकलाच रिव्हेट केलेली असते, मग अख्खा क्रँकसेट बदलायचा. मी गेलो त्या एका मोठ्या दुकानात "यात काही होत नाही, ई-बाइक घ्या" असं सांगितलं, आणि टपरीवाल्या मिस्त्रीने क्रँक पुलर लावून चहा यायच्या आत उजवा क्रँक काढून हातात दिला. हातोडीने काढणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. चेनच्या चार कड्या कमी करायला सांगा, नाहीतर ती लोंबते.

"मग सपाटीला स्पीड जाईल" हा साडूंचा पुढचा मुद्दा. पुढे ४२, मागे १४ वर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर २४-२५ चा स्पीड येतो. ऑफिसच्या वेळी पौड रोडला यापेक्षा जास्त कोण चालवतं ते मला दाखवा.

तरी जड वाटलं तर मागे १४ ते ३४ दातांचं, सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) मिळतं, पण तुमचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ३४ पर्यंत पोचतो का ते आधी बघा, लांब पिंजऱ्याचा टाकाल तर २० इंची चाकावर तो जमिनीच्या फार जवळ लोंबतो आणि आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश फोल्डिंग सायकलला हे सगळं लागू नाही, तिथे पुढे ५० च्या जागी कंपनीचीच ४४ मिळते, १२ टक्के फरक पडतो.

आणि हो, गुडघा पुढून दुखत असेल तर आधी सीट वर करून बघा, फोल्डिंगवाले घडी उघडताना ती निम्मीच वर घेतात. नवीन क्रँकचे बोल्ट आठवडाभराने परत आवळून घ्या.