बँक त्याच्याच मांडीखाली

प्रश्न : काका, आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातले चौघं मित्र, शनिवारी रात्री जेवणं झाली की एकाच्या छपरीत बसतो. आधी ताश खेळायचो पण त्यात पैसे लागायला लागले तसं घरच्यांनी बंद पाडलं, आता व्यापार खेळतो, तोच मुंबई-कलकत्ता विकत घ्यायचा. बँक नेहमी एकाच मित्राकडे. परवा लाईट गेली, मोबाईलच्या टॉर्चवर खेळून राहिलो होतो, तर चिल्लर देता देता पाचशेची एक नोट त्याच्या मांडीखाली गेलेली मी डोळ्यानं पाहिली. त्यानंतर दोनदा तेच. फासा पण गुडघ्याजवळ टाकते न कोणी पाहायच्या आत उचलते, म्हणते सहा पडले. बाकी दोघांना पत्ताच नाही. पण काका, दोन वर्षांआधी बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा रात्री दोन वाजता हाच आपली गाडी काढून यवतमाळला घेऊन गेला होता. अशा माणसाला कागदाच्या नोटेसाठी चोर कसा म्हणू? मागच्या शनिवारी डोकं दुखते सांगून मी गेलोच नाही.

उत्तर : म्हणजे झोल त्यानं नोटेत केला न तू डोकेदुखीत. असो.

यवतमाळची रात्र वेगळ्या वहीत लिहून ठेव राजा, तिची परतफेड व्यापाराच्या नोटांनी होत नाही. त्याच्या उपकाराखाली दबून तू गप्प राहशील न आतून जळत राहशील तर चार महिन्यांत जाणंच बंद करशील, आणि त्याले कळणारच नाही काऊन आला नाही ते.

आता जरा खेळाबद्दल. तुमचा व्यापार म्हणजे मोनोपॉली या विदेशी खेळाचाच देशी भाऊ. त्या मोनोपॉलीच्या नियमातच लिहून आहे की बँकरनं स्वतःचे पैसे बँकेपासून वेगळे ठेवायचे, न पाचापेक्षा जास्त खेळणारे असले तर त्यानं नुसती बँकच सांभाळली तरी चालते. उगाच नाही लिहिलं ते. त्या खेळाची कुंडलीच तशी आहे. लिझी मॅगी नावाच्या बाईनं 1904 साली पेटंट घेतलं होतं, जमीनदार भाड्यावर कसा गब्बर होते हे लोकांना दाखवायला, आणि 1935 मध्ये कंपनीनं तो बाजारात आणला तेव्हा नाव झालं दुसऱ्याच माणसाचं, बाईच्या हाती पेटंटचे 500 डॉलर. 2018 मध्ये तर मोनोपॉलीवाल्यांनी चीटिंगवाली आवृत्तीच काढली, पकडला गेला त्याला प्लास्टिकची हातकडी!

तुमच्याकडे हातकडी नको. बँक दर शनिवारी फिरती ठेवा, नोटा ताटात, सगळ्यांच्या मधात. फासा स्टीलच्या गिलासात हलवून परातीत टाकायचा न दुसऱ्यानं आकडा वाचल्याशिवाय उचलायचा नाही. हे सुचवताना त्याचं नाव घेऊ नको, "लाईटचा भरवसा नाही बे" एवढं कारण पुरते.

पण नियमांच्या आड लपूनही बसू नको, एकदा बोलच. बाकी दोघांसमोर नाही, छपरीत तर मुळीच नाही. पानठेल्यावर दोघंच असताना हसत विचार, "काबे, मांडीखाली किती जमा झाले?" बहुतेक हसेल न शिवी देईल, तिथंच मिटलं समज. चिडला तर वाद घालू नको, खर्रा संपेपर्यंत दुसरं काही बोल.

मी हे अनुभवानं सांगून राहिलो. लहानपणीची गोष्ट. कॅरममध्ये राणी घेतल्यावर लगेच आपली एक गोटी घेऊन ती कव्हर करावी लागते, नाही झाली तर राणी परत मधात ठेवायची. मी एकदा पावडर झटकायच्या निमित्तानं बोटानं एक गोटी भोकात ढकलली न म्हटलं झाली कव्हर. आतेभावानं पाहिलं होतं. तेव्हा काहीच नाही बोलला, रात्री अंगणात बाजेवर झोपलो तेव्हा हळूच म्हणे, "ती गोटी आपोआप गेली काय रे?" मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. त्यानंतर त्याच्यासोबत कधी ढकलली नाही, दुसऱ्यांसोबत किती ढकलल्या ते विचारू नको.

या शनिवारी जा. आणि बँक तुझ्याकडे आली तर मांडी घालून बसू नको, स्टूल घे.